पेटींतली वीज

सन १८८१ च्या मे महिन्यांत पॅरिसहून निघालेली एक लांकडी पेटी समुद्र ओलांडून स्कॉटलंडमध्यें ग्लासगो येथें येऊन पोंचली. पेटीचें आकारमान सुमारें एक घनफूट. आंत शिशाच्या पत्र्यांचे चार घट. एकंदर वजन ७५ पौंडांच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबानें ३४ किलो. प्रवासास ७२ तास लागले. निघण्यापूर्वीं पॅरिसमध्यें त्या घटांत वीज भरलेली होती, आणि तीन दिवसांनीं ग्लासगोस ती घटांतून काढून घेतां येत होती. तारेवांचून वीज एका देशांतून दुसऱ्या देशांत नेतां येते, लोणच्याच्या बरणीप्रमाणें ती घरांत भरून ठेवतां येते, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना केवळ अद्भुत वाटली.

पेटी ज्यांच्याकडे धाडण्यांत आली ते सर विल्यम टॉम्सन ग्लासगो विद्यापीठांत प्राध्यापक होते. लॉर्ड केल्व्हिन हें त्यांचें पुढील नांव अधिक परिचित आहे. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत पेटीची हकीकत छापून आली, आणि तींतील एका आंकड्यानें सर्वांचें लक्ष वेधून घेतलें. पेटींत दहा लक्ष फूट-पौंड कार्यशक्ति सांठविलेली आहे, असें त्या हकीकतींत म्हटलें होतें. दहा लक्ष पौंडांचें ओझें एक फूट उंच उचलण्याची शक्ति, आणि ती एका घनफुटाच्या पेटींत! आंकडा खोटा नव्हता. परंतु हल्लींच्या परिमाणांत मांडला तर तो सुमारें ३७६ वॉट-तास भरतो, आणि ४५ ग्रॅम चांगला दगडी कोळसा जाळला असतां जवळजवळ तेवढीच उष्णता निघते. दहा लक्ष हा शब्द लोकांच्या कानांत घुमत राहिला. फूट-पौंड हें माप किती लहान आहे, इकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें.

टॉम्सन यांनीं मात्र पेटी उघडून मोजमापास प्रारंभ केला. त्यांतील एक घट त्यांनीं आपले सहकारी शस्त्रवैद्य बुकॅनन यांस वापरावयास दिला, व त्याच्या साह्यानें एका लहान मुलाच्या जिभेवरील गांठ रक्त न सांडतां मिनिटभरांत काढण्यांत आली. या शोधाचा खरा उपयोग कोणता, याविषयींहि टॉम्सन यांनीं ‘टाइम्स’मध्यें लिहिलें. नळाचें पाणी वेळीं-अवेळीं येतें, तेव्हां घरांतील टांकी जें काम करते, तेंच काम विजेच्या दिव्यांकरितां हे घट करतील, असा त्यांचा अभिप्राय होता. नळास पाणी येण्याच्या वेळेवर ज्यांचा दिनक्रम ठरतो, त्या पुण्या-मुंबईच्या गृहिणींना ही उपमा उलगडून सांगावयास नको.

या घटाची मूळ कल्पना नवी नव्हती. व्होल्टानें १८०० सालीं जस्त आणि तांबें वा चांदी यांच्या चकत्यांची चळत रचून विजेचा सतत प्रवाह मिळविला. पण ती चळत एकदां संपली कीं संपली. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लांत बुडवून असा घट केला कीं, वीज काढून घेतल्यावर बाहेरून पुनः वीज सोडली तर तो पूर्ववत् भरावा. अडचण एवढीच कीं, त्या पत्र्यांना वीज धरून ठेवण्याची संवय लागावी म्हणून महिनेच्या महिने त्यांत वीज भरावी व काढावी लागे. कामीय् फोर यानें १८८१ त ही अडचण दूर केली. त्यानें पत्र्यांवर शिशाच्या तांबड्या भस्माचा लेप दिला. आपल्याकडे मारुतीच्या मूर्तीस जो शेंदूर चढवितात, तेंच हें द्रव्य! त्या लेपामुळें महिन्यांचें काम दिवसांवर आलें, आणि पेट्या बाजारांत येऊं लागल्या.

पेट्यांच्या मागोमाग कंपन्याहि आल्या. पॅरिस आणि लंडन येथें वीज सांठविण्याच्या व विकण्याच्या नांवावर भागभांडवल गोळा होऊं लागलें. भागांचे भाव चढले, आणि लवकरच कोसळलेहि. एडिसनसारखा मनुष्य १८८३ त एका मुलाखतींत उघड म्हणूं लागला कीं, हे सांठवणुकीचे घट म्हणजे कंपन्यांनीं लोकांस लुबाडण्याचें साधन होय. (याच एडिसननें पुढें कित्येक वर्षें व पुष्कळ पैसा खर्चून लोखंड-निकेलचा आपला स्वतःचा घट तयार केला, हा भाग निराळा.) घट खोटा नव्हता. त्यांत किती वीज आहे हें विकत घेणाऱ्यास डोळ्यांनीं दिसत नव्हतें, आणि मापें सर्वमान्य झालेलीं नव्हतीं, एवढेंच खरें दुखणें होतें.

तीं मापें ठरलीं त्याच वर्षीं, आणि तींहि पॅरिसमध्येंच. १८८१ च्या सप्टेंबरांत तेथें विद्युत्शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद् भरली. टॉम्सनहि तींत होते. ओहम, व्होल्ट, अँपियर, कूलंब व फॅरड हीं परिमाणें त्या परिषदेनें मान्य केलीं. शक्तीचें वॉट हें परिमाण १८८९ च्या परिषदेंत आलें. अँपियर आणि व्होल्ट यांतील भेद पाण्याच्या दृष्टान्तानें सहज समजतो. घागरभर पाणी पायरीवरून ओतलें काय आणि गच्चीवरून ओतलें काय, पाणी तेवढेंच. परंतु खालीं पडतांना त्याच्या हातून होणारें काम सारखें नसतें. अँपियर-तास म्हणजे घागरींतील पाणी, व्होल्ट म्हणजे उंची, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. एकटें पाणी सांगून उंची न सांगणें हा अर्धवट हिशेब झाला.

शिशाचे घट त्यानंतर कोठें गेले, हें सर्वांस ठाऊक आहे. ते मोटारींत बसले, तारायंत्रांच्या व टेलिफोनच्या कचेऱ्यांत रांगेनें मांडले गेले, आणि २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांत भारनियमन कडक झालें तेव्हां इन्व्हर्टरच्या रूपानें कित्येक दिवाणखान्यांच्या कोपऱ्यांत येऊन स्थिरावले. टॉम्सन यांची टांकीची उपमा तेथें अक्षरशः खरी झाली. पण शिसें जड; तें खिशांत मावणारें नव्हे. खिशांत शिरले ते १८८६ नंतरचे कोरडे घट, आणि ते पुनः भरतां येत नसत.

खिशाचा प्रश्न सुटला तो लिथियममुळें. सर्व धातूंत हलका असा हा धातु. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं १९७० च्या दशकांत अमेरिकेंत एका तेलकंपनीच्या प्रयोगशाळेंत त्याचा पुनः भरतां येणारा घट करून पाहिला. जॉन गुडइनफ यांनीं ऑक्सफर्ड येथें १९८० त कोबाल्टयुक्त द्रव्य वापरून त्याचा दाब वाढविला. अकिरा योशिनो यांनीं जपानांत १९८५ त धातुरूप लिथियम अजिबात काढून टाकून तो पुष्कळच निर्धोक केला. १९९१ त सोनी कंपनीनें तो बाजारांत आणला, आणि २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या तिघांत वाटलें गेलें. गुडइनफ यांचें वय त्या वेळीं ९७ वर्षें होतें. या घटांत लिथियमचे कण एका बाजूच्या थरांतून निघून दुसऱ्या बाजूच्या थरांत जाऊन बसतात, आणि वीज भरतांना उलट फिरतात. दोहोंच्या मध्यें असतो तो प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा, आणि सभोंवार पेट घेणारा द्रव. पडदा फाटला कीं घट आंतल्या आंत तापतो व भडकतो. २००६ त डेल कंपनीला लॅपटॉपच्या ४१ लक्ष बॅटऱ्या परत बोलवाव्या लागल्या, त्या याच भीतीनें.

लॅपटॉपच्या बॅटरींत १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे नळकांड्यासारखे घट असत. पुढें लॅपटॉप पातळ झाले, त्यांत चपटे घट आले, आणि नळकांडीं स्वस्त झालीं. त्याच सुमारास मोबाईलची बॅटरी दिवसभर पुरेनाशी झाली. दोन्ही गोष्टींचा मेळ बसून पॉवर बँक घरोघर पोंचली. चीनच्या शाओमी कंपनीनें २०१३ च्या अखेरीस असे चार घट धातूच्या नळींत बसवून १०,४०० मिलिअँपियर-तासांची पॉवर बँक अवघ्या ६९ युआनला विक्रीस काढली, तेव्हांपासून या धंद्यांत स्वस्ताईची शर्यत लागली. ज्या यूएसबी जोडणीनें ही वीज मोबाईलमध्यें उतरते तिच्या रचनेंत अजय भट्ट यांचा मोठा वांटा आहे, व त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.

आतां पेटीवरचा आंकडा पाहूं जातां १८८१ चीच कथा पुनः घडते. ‘२०,०००’ हा मोठ्या टाइपांत छापलेला आंकडा मिलिअँपियर-तासांचा असतो. तोच अँपियर-तासांत लिहिला तर नुसता २० उरेल, आणि २० कोणाच्या नजरेंत भरणार? शिवाय तो आंकडा आंतल्या घटांच्या ३.७ व्होल्ट दाबावर मोजलेला. गुणाकार केला कीं ७४ वॉट-तास हें खरें माप हातीं येतें. मोबाईलकडे जातांना वीज ५ व्होल्टांवर चढवावी लागते. त्या उंचीवर तींच ७४ वॉट-तासें म्हणजे १४,८०० मिलिअँपियर-तास, आणि चढविण्यांत कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते ती वजा केली म्हणजे १२ ते १३ हजार उरतात. सचोटीचे कारखानदार हा लहान आंकडाहि खालीं बारीक अक्षरांत छापतात. ग्राहकानें वाचावयाचा तो हा. ५,००० मिलिअँपियर-तासांचा मोबाईल त्यावर चार वेळां नव्हे, तीन वेळांच्या आसपास भरतो. त्यांत फसवणूक कांहीं नाहीं. पन्नास-साठ वॉट-तासांचा लॅपटॉप मात्र जेमतेम एकदां भरेल.

लॅपटॉपच्या बाबतींत दुसरीहि एक पाहणी हवी. रांजण मोठा असून भागत नाहीं, तोटीहि तशीच मोठी लागते. मोबाईलला दहा-वीस वॉटांची धार पुरे होते. लॅपटॉप बहुधा ४५ ते ६५ वॉट मागतो, व तोहि २० व्होल्टांच्या दाबानें. स्वस्त पॉवर बँक पुष्कळदां वीस-बावीस वॉटांवर थांबते. मग लॅपटॉप एक तर ती ओळखीतच नाहीं, किंवा काम चालू असतां भरण्याऐवजीं हळूहळू रिकामाच होत जातो. मुलाच्या परीक्षेच्या किंवा गांवच्या प्रवासाच्या वेळीं ही गोष्ट कळण्यापेक्षां दुकानांत कळलेली बरी. तेव्हां पेटीवर पी.डी. या अक्षरांपुढें किती वॉट लिहिले आहेत, तें पाहूनच पैसे मोजावे.

आणि आंकडाच खोटा असेल तर? त्याची परीक्षा स्वयंपाकघरांतील काट्यावर होते. २,६०० मिलिअँपियर-तासांच्या एका नळकांड्याचें वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतें. २०,००० भरण्यास तशीं आठ लागतात, म्हणजे केवळ घटांचेंच वजन साडेतीनशें ग्रॅमच्या पुढें गेलें. उत्तमांतले उत्तम घट घेतले तरी तें तीनशेंच्या फारसें खालीं येत नाहीं. दीडशें ग्रॅमची डबी अंगावर २०,००० लिहून मिरवीत असेल, तर तिच्या आंत काय आहे हें उघडून पाहण्याची जरूर नाहीं. पाच-सहाशें रुपयांत ५०,००० देऊं करणाऱ्या वस्तूचा हिशेब तर काट्यावांचूनहि होतो. हलकी डबी केवळ कमी वीज देते असें नाहीं; जुन्या लॅपटॉपांतून काढलेले घट आणि नसलेली संरक्षक व्यवस्था यांचाच तींत संभव अधिक, आणि ती रात्रीं उशाशीं ठेवून निजण्याची चाल घरोघर पडलेली. यासाठींच भारतीय मानक ब्यूरोनें पॉवर बँकेस नोंदणी आवश्यक केली आहे. मानकचिन्हाखालीं ‘आर’ या अक्षरानें आरंभ होणारा नोंदणीक्रमांक असतो, आणि ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्यें तो घालून खरा कीं नुसता छापलेला, हें दुकानांतच ताडून पाहतां येतें.

ज्यांना फसणें परवडत नाहीं अशा विमानकंपन्यांनीं मिलिअँपियर-तासांचा आंकडा केव्हांच बाजूस सारला. त्यांचा नियम वॉट-तासांचा आहे. शंभरपर्यंतची पॉवर बँक हातच्या सामानांत नेतां येते, शंभर ते एकशें साठपर्यंत कंपनीची अनुमति लागते, त्यावरील नेतांच येत नाहीं. आणि कोणतीहि पॉवर बँक सामानाच्या कोठारांत टाकतां येत नाहीं, कारण तेथें पेटली तर विझविणार कोण? २०१० च्या सप्टेंबरांत दुबईजवळ मालवाहू विमान पडलें, तें कोठारांतील लिथियम बॅटऱ्यांना लागलेल्या आगीमुळें. २०२५ च्या जानेवारींत कोरियांतील बुसान येथें एक विमान उड्डाणापूर्वींच जळालें, व तपासांत बोट गेलें तें डोक्यावरील कप्प्यांतल्या पॉवर बँकेकडे. माणसें सर्व वांचलीं. अंगावर वॉट-तास न छापलेली डबी विमानतळावरील अधिकारी खुशाल काढून घेऊं शकतात.

या मापानें पाहिलें तर २०,००० च्या पांच पॉवर बँका मिळून ३७० वॉट-तास होतात, आणि त्यांचें वजन दोन किलोंच्या आंतबाहेर. फोरची ३४ किलोंची पेटी जवळजवळ एवढीच वीज घेऊन १८८१ त ग्लासगोस उतरली होती.