पासंगाचा खेळ

क्वीन्सटाउनला हे नाव मिळालं १९५३ साली, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. सिंगापूरचं हे पहिलं आखीव उपनगर. मार्गारेट ड्राइव्हवरचं १९७० सालचं वाचनालय अजून उभं आहे. पण जवळच १९७७ साली सुरू झालेलं सिनेमा आणि बोलिंग सेंटर १९९९ मध्ये बंद पडलं, २०१३ मध्ये पाडलंही गेलं. आपल्यासारखी नंतर आलेली मंडळी त्याबद्दल फक्त ऐकतात. मला मात्र त्या इमारतीपेक्षा आत घरंगळणाऱ्या चेंडूचंच कुतूहल जास्त, कारण त्याचा हिशेब आपल्या सोनाराच्या काट्याइतका चोख असतो.

चेंडू जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे साधारण सव्वासात किलो. १६ गुणिले १६, बरोबर २५६ औंस! (कॉम्प्युटरवाल्याला हा आकडा दिसला की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.) पूर्वी हे चेंडू लिग्नम व्हायटी नावाच्या जड लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबर आलं, मग पॉलिएस्टर, १९८० नंतर युरेथेन आणि नव्वदीत रेझिन.

खरी गंमत भोकं पाडताना आहे. बोटांसाठी तीन भोकं पाडली की तिथला माल निघून जातो आणि ती बाजू हलकी होते. म्हणून कारखान्यातच त्या बाजूला, आतमध्ये, थोडं जास्त वजन घालून ठेवतात. आपला वाणी तराजूच्या हलक्या पारड्याला खडा बांधायचा ना, पासंग म्हणून? अगदी तोच प्रकार. भोकं पाडल्यावर चेंडू एका खास तराजूच्या कड्यात बसवायचा, दांडी समतोल करायची आणि चेंडू अर्धा फिरवायचा. दांडी कलली की कुठली बाजू जड ते कळतं.

क्वीन्सटाउनचं सेंटर चालू होतं त्या काळात नियम असा होता, की मोठ्या चेंडूत वर-खाली ३ औंसांपर्यंत फरक चालेल, पण डावी-उजवीकडे फक्त १ औंस. म्हणजे २५६ मधला एक, जेमतेम अडीच तोळे! हिशेब चुकला तर चौथं भोक पाडून वजन काढायचं. सिंगापूरच्या अ‍ॅडेलिन वी हिने १९८५ साली लंडनच्या वर्ल्ड गेम्समध्ये सुवर्णपदक मिळवलं, ते याच काटेकोर जमान्यात.

पुढे चौथं भोक चूक सुधारण्यापुरतं राहिलं नाही. आतल्या गाभ्याचा आकार गुंतागुंतीचा झाला, आणि हुशार मंडळी त्या भोकाने चेंडूचं वळणच बदलू लागली. दुसरीकडे, अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने चेंडूच्या गतीचा अभ्यास केला, तेव्हा बाहेरच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा फार महत्त्वाचा ठरला आणि तराजूवरचा फरक त्यामानाने किरकोळ. इतकी वर्षं तराजूवर डोळे ताणणाऱ्यांना काय वाटलं असेल! मला तरी त्यांचे कष्ट वाया गेले असं वाटत नाही. सगळ्यांना एकच माप लावायचं, तर ते मोजता येणारंच हवं.

१ ऑगस्ट २०२० पासून काँग्रेसने चौथं भोक बंद केलं आणि फरकाची मर्यादा सगळ्याच बाजूंना ३ औंस केली, म्हणजे सात तोळ्यांहून जास्त. ज्यांच्या चेंडूंना चौथं भोक होतं, त्यांना ते बुजवून चेंडू पुन्हा तराजूवर चढवावे लागले.