कापलेले काठ
कापलेले काठ : जुन्या लुगड्याचे, साडीचे किंवा धोतराचे काठ-पदर मूळ वस्त्रापासून वेगळे करून पुन्हा वापरलेले किंवा विकलेले तुकडे.

उगम घरगुती काटकसरीत आहे. अंग झिजते, काठ टिकतो. म्हणून त्यातून कुंची, झबले, चोळी शिवली जाई. उमरेड (जि. नागपूर) येथील कोष्टी विणकरांच्या हातमागावर सुती अंगाला रेशमी काठ असलेले कापड विणले जात असे (पहा : कोष्टी, हातमाग). खऱ्या जरीचे काठ चांदीसाठी जाळलेही जात.

अस्सलपणाचा प्रश्न कात्रीपासून सुरू होतो. विदर्भाच्या करवती काठात तीन धोटे चालतात. काठाचा आणि अंगाचा बाणा दातेरी रेषेवर एकमेकांत अडकवतात. हा सांधाच हातविणीचा मुख्य पुरावा, आणि काठ अलग करताना बहुधा तोच जातो. उरलेल्या पट्टीवरची जर घासून चांदी की तांबे एवढे कळते. गाव, माग, काळ कळत नाही. पैठणीच्या तुकड्यात दोन्ही बाजू सारख्या दिसणे ही खूण मात्र टिकते (पहा : पैठणी). पैठणीला २०१० मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन जुन्या सुट्या तुकड्याचा दाखला ठरत नाही.

कापलेल्या तुकड्याच्या ओळखीचा हा प्रश्न इतरत्रही दिसतो. अमेरिकेत डॉनरस कंपनीने २००३ मध्ये बेसबॉलपटू बेब रूथचा जुना सदरा अडीच लाखांहून अधिक डॉलरला घेऊन संग्राह्य पत्त्यांत तुकडे बसवण्यासाठी कापला. तेथेही तुकड्याची ओळख छापील हमीवरच उरते. २०११-१२ मध्ये बनावट ‘खेळात वापरलेले’ सदरे विकणाऱ्यांवर संघीय खटले झाले (पहा : संग्रहवस्तू).