सधवा की विधवा? : पानिपतापासून हिंदु विवाह कायद्यापर्यंत

लढाईत पडलेल्यांची गणती इतिहासकार करितात. परंतु ज्यांचे पती मेले की जगले हेच कळत नाही, त्या स्त्रियांची गणती कोठेही होत नाही. तह होतो, तोफा थंडावतात, आणि घरात एक प्रश्न उरतो : ही स्त्री सधवा की विधवा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे कसकसे बदलत गेले, ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई सैन्याबरोबर होत्या. त्या जीव वाचवून दक्षिणेत परतल्या. पती निवर्तले हे त्यांनी कधीच मानिले नाही आणि १७८३ त देहावसान होईपर्यंत, तब्बल बावीस वर्षे, सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. या अनिश्चिततेतूनच भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. १७७६ त देहान्त शासन होईपर्यंत त्याने राज्यात केवढी खळबळ माजविली, हे सर्वश्रुत आहे.

ही पेशव्यांच्या घरची कथा. सामान्य शिलेदाराच्या घरी काय होत असे? बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करावी व तिचे दहन करावे, असा निबंधग्रंथांतील विधी आहे. त्याने स्त्री विधवा ठरे. मोकळी होत नसे. वास्तविक पती नाहीसा झाल्यास दुसरा पती करण्याची मुभा पराशरस्मृतीत आहे. नारदाने तर मुदतही घातली : ब्राह्मण स्त्रीस ८ वर्षे, अपत्य नसल्यास ४. परंतु वरिष्ठ म्हणविणाऱ्या ज्ञातींनी असली वचने कलियुगास लागू नाहीत म्हणून बाजूस सारिली. उलट ज्या ज्ञातींत पाटाची चाल होती, तेथे स्त्रीचा संसार पुन्हा उभा राही. पेशवे सरकार त्यावर पाटदाम नावाची पट्टी घेई. ज्यांस लोक खालचे म्हणत, त्यांची रूढी या बाबतीत अधिक दयाळू होती, हे आपण मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे.

इंग्रजी अमलात १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आला. पण त्याचा लाभ घेण्यास पती मृत असावा लागे. बेपत्त्याची पत्नी तशीच राहिली. १८७२ च्या पुरावा कायद्याने ही अडचण अंशतः दूर केली : ज्यांना सहज वार्ता कळावी, त्यांना सात वर्षे काही न कळल्यास, तो मनुष्य जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडला. तथापि हे केवळ अनुमान. त्याने विवाह मोडत नसे. ती उणीव १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने भरून काढिली. सात वर्षे पती वा पत्नी जिवंत असल्याची वार्ता नसेल, तर न्यायालयाकडून घटस्फोट मिळू लागला. २०२४ त पुरावा कायदा बदलला, तरी सात वर्षांची मुदत कायम राहिली.

कायद्याने दार उघडिले. पण कोणास बाहेर ढकलिले नाही. पार्वतीबाईंप्रमाणे वाट पाहणारीचा मान राखावा. नवा संसार मांडू इच्छिणारीचाही तितकाच राखावा. निर्णय तिचा, दिराचा, सासऱ्याचा किंवा ज्ञातीच्या पंचांचा नव्हे. आमची कुटुंबप्रमुखांस एवढीच विनंती की, घरातील कोणी बेपत्ता झाल्यास शेवटच्या वार्तेची तारीख, पत्रे व सरकारी कागद जपून ठेवावे. सात वर्षे त्यांवरूनच मोजावी लागतात.