जन्मनोंद आणि अर्भक मृत्युदर : सोव्हिएत आकडेवारीच्या निमित्ताने

वयाचे एक वर्ष पूर्ण होण्याआधी दगावलेल्या बालकांचे दर हजार जिवंत जन्मांमागील प्रमाण म्हणजे अर्भक मृत्युदर. देशांच्या प्रगतीची क्रमवारी लावताना हा आकडा सर्रास वापरला जातो. परंतु ‘जिवंत जन्म’ कशाला म्हणावे, याचे उत्तर सर्व देशांत एकच नव्हते. आणि ज्या मुलाचा जन्मच नोंदवहीत नाही, त्याचा मृत्यूही तिथे सापडत नाही.

प्रश्न तसा जुना आहे. इस्लामी वारसाहक्काच्या शास्त्रात नवजात बालकाचे रडणे, ज्याला ‘इस्तिहलाल’ म्हणतात, ते जिवंत जन्मल्याचा पुरावा मानले गेले. कारण त्यावर वाटणी ठरत असे. स्पेनच्या १८८९ च्या नागरी संहितेत मातेपासून विलग होऊन २४ तास जगण्याची अट होती. ती २०११ च्या कायद्याने गेली. फ्रान्समध्ये १८०६ च्या फर्मानानुसार नोंद होण्याआधी वारलेले मूल ‘निष्प्राण बालक’ म्हणून लिहिले जाई, मग ते दोन दिवस का जगलेले असेना. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली व्याख्या ठरवून दिली. गर्भकाळ कितीही असो, श्वास, हृदयाचे ठोके, नाळेतील स्पंदन किंवा स्नायूंची स्पष्ट हालचाल यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी तो जिवंत जन्म होय.

सोव्हिएत संघाचा नियम याहून पुष्कळ वेगळा होता. २८ आठवड्यांआधी जन्मलेले, १००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचे मूल श्वास घेत जन्मले, तरी पहिल्या सात दिवसांत दगावल्यास त्याची गणना गर्भपातात होई. साहजिकच अधिकृत दर कमी दिसे. तरीही १९७१ मध्ये २२.९ असलेला दर १९७४ मध्ये २७.९ वर गेला आणि त्यानंतर सरकारने आकडे छापणेच थांबवले. हे मौनच संशयाला खतपाणी घालणारे ठरले. क्रिस्टोफर डेव्हिस आणि मरे फेशबाख यांनी १९८० च्या अहवालात बालमृत्यू खरोखरच वाढल्याचे मांडले, तेव्हा शीतयुद्धाच्या त्या दिवसांत पाश्चात्त्य जगात त्याची मोठी चर्चा झाली.

बार्बरा अँडरसन आणि ब्रायन सिल्व्हर यांनी १९८६ मध्ये या आकड्यांची पुन्हा तपासणी केली, ती मला अधिक पटते. त्यांचे लक्ष मध्य आशियाकडे गेले. तिथल्या प्रजासत्ताकांत खेड्यांतील अधिकृत मृत्युदर शहरांपेक्षा कमी दिसत होता. दवाखाने शहरांत आणि मृत्यूही शहरांतच जास्त, हे कसे? घरी जन्मून घरीच वारलेली मुले नोंदीपर्यंत पोहोचत नव्हती, हे त्याचे सरळ उत्तर. पुढे ग्रामीण भागातील नोंदणी सुधारत गेली, तसा दर चढत गेला. म्हणजे निदान काही वाढ मृत्यूंची नसून कारकुनीची होती. आकडे पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा १९८५ साठी संपूर्ण संघाचा दर २६ होता. उझबेकिस्तानचा मात्र सुमारे ४५.

भारताने ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडवली. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. पण अर्भक मृत्युदर प्रामुख्याने नमुना नोंदणी पद्धतीवरून काढला जातो. तीत निवडक वस्त्यांत एकजण सतत नोंदी ठेवतो आणि दुसरा सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे पाहणी करतो. नंतर दोन्ही याद्या ताडून पाहतात.

रशियाने १९९३ मध्ये जागतिक व्याख्या स्वीकारली खरी, पण ती कागदोपत्रीच. १००० ग्रॅमखालील मूल सात दिवस जगले तरच नागरी नोंदीत येई. एप्रिल २०१२ पासून ५०० ग्रॅमची मर्यादा लागू झाली आणि २०११ चा ७.४ हा दर २०१२ मध्ये ८.६ झाला. आरोग्यसेवा एका वर्षात ढासळली नव्हती. मुख्यतः मोजणी बदलली होती.

मात्र प्रत्येक फरक नोंदवहीच्या माथी मारणेही बरे नव्हे. अमेरिकेत तसे अनेकदा होते. २०१० मध्ये तिथला दर ६.१ होता. २४ आठवड्यांपूर्वीचे जन्म सर्वच देशांच्या हिशेबातून वगळल्यावर तो ४.२ वर आला, तरीही फिनलंड, स्वीडन आणि डेन्मार्क यांच्या जवळपास दुप्पट राहिला. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बालकांचे मृत्यूही तिथे अधिक होते, आणि अशा बालकांच्या बाबतीत व्याख्येचा वाद मुळी उद्भवतच नाही.