आधी शिष्यवृत्ती, मग शाळा

जर्मनीतल्या फ्रायबर्ग या चांदीच्या खाणींच्या गावात १७६५ साली खाणविद्येची अकादमी सुरू झाली. जगातल्या सर्वांत जुन्या खाणविद्यालयांत तिची गणना होते. पण त्याच गावात खाणकाम शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा राहिला होता १७०२ साली. शाळेच्या त्रेसष्ट वर्षे आधी शिष्यवृत्ती! यात नवल वाटण्याजोगे काही नाही. सॅक्सनीच्या दरबाराला चांदी हवी होती आणि चांदीसाठी खोल, आणखी खोल जावे लागत होते. खोल गेले की पाणी येते. ते उपसणारी यंत्रे, भूमिगत मोजणी करणारे हात आणि धातूची पारख करणारे डोळे ही गरज तातडीची होती. इमारत मागाहून बांधता येते, पाणी थांबत नाही. म्हणून मुले जाणत्यांच्या हाताखाली शिकत राहिली आणि निधी त्यांचा खर्च सोसत राहिला.

हे पुस्तक खाणकाम आणि त्याच्या आसपासची अभियांत्रिकी शिकायला शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणार आहे. अभिनंदन तुमचे एव्हाना पुष्कळांनी केले असेल, पेढेही वाटून झाले असतील. मला दुसरेच काही सांगायचे आहे. या विद्येसाठी पैसा देणाऱ्याला नेहमीच काहीतरी हवे असते: चांदी, लोखंड, कोळसा, नफा. ते लपवण्यात अर्थ नाही. पण शिकणारा देणाऱ्याच्या गरजेपुरताच शिकला, असे या क्षेत्रात सहसा घडलेले नाही.

एक जरा वात्रट उदाहरण आधी देतो. १७३६ साली सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने तीन तरुणांना जर्मनीला धाडले. आधी मारबुर्गला पायाभूत विज्ञान, मग फ्रायबर्गला योहान हेंकेल यांच्याकडे खनिजविद्या. मारबुर्गमध्ये या मंडळींनी भरपूर उधारी करून ठेवली. तेव्हा अकादमीने पैसे मुलांच्या हाती न देता गुरूच्या हाती सोपवले, आणि गुरूने ते मोजूनमापून दिले. त्यांतल्या एकाचे हेंकेलशी इतके बिनसले की १७४० मध्ये तो फ्रायबर्ग सोडून चालता झाला. त्याचे नाव मिखाईल लोमोनोसोव. मॉस्को विद्यापीठ आज त्याचे नाव मिरवते, आणि खाणकाम व धातुविद्येवरचा त्याचा ग्रंथ १७६३ साली प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला तर त्याची आठवण काढावी, वसतिगृह सोडून मात्र जाऊ नये.

आपल्याकडची गोष्ट अधिक जवळची आहे आणि तिचा एक धागा विदर्भातून जातो. प्रमथनाथ बोस हे बंगालमधले एकोणीस वर्षांचे विद्यार्थी १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेले. ज्यांच्या मृत्युपत्रातून ही शिष्यवृत्ती आली ते जॉन गिलख्रिस्ट कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदुस्थानी शिकवत. मराठीचे व्याकरण लिहिणारे विल्यम केरी त्याच कॉलेजातले. भाषेच्या पंडिताच्या पैशातून भूशास्त्रज्ञ घडला, हा योगायोग मला लोभस वाटतो. बोस रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून परतले, १८८० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले आणि मध्य प्रांतातली जंगले पायाखाली घातली. १९०३ मध्ये त्यांना डावलून सेवेने कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांना वरची जागा मिळाली. बोसांनी राजीनामा दिला आणि मयूरभंज संस्थानाची नोकरी धरली.

त्याच सुमारास जमशेटजी टाटांचे लक्ष चांदा जिल्ह्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर होते. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ यांनी तिथल्या लोखंडावर लिहिलेला अहवाल वाचल्यापासून लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा त्यांच्या डोक्यात घर करून होता. अमेरिकेतून आलेले भूशास्त्रज्ञ वेल्ड चांद्याच्या रानात महिनोन्‌महिने हिंडले. खनिज सापडले, पण विखुरलेले, आणि कोळसा भट्टीच्या कामाचा नव्हता. हा नाद सोडत असल्याचे सांगायला जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा नागपूरला गेले. अधिकाऱ्याची वाट पाहत असताना ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताच्या भूशास्त्रीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाचा गडद रंग दिसला. वेल्ड तिकडे गेले तर धल्ली-राजहराचा अख्खा डोंगरच लोखंडाचा. ती नोंद १८८७ मध्ये कोणी केली होती? प्रमथनाथ बोस यांनी. पुन्हा २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनीच जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंजमधल्या गोरुमहिसानीच्या खनिजाची खबर दिली. तिथे कोळसाही जवळ होता. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि चांद्याला होऊ घातलेला कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला, गेला. चंद्रपूरकर वाचकाला इथे थोडी हळहळ वाटली तर मी समजू शकतो.

देशातच खाणविद्यालय काढा, ही मागणी १९०१ च्या काँग्रेस अधिवेशनात झाली. अध्यक्ष होते मुंबईचे दिनशा वाच्छा. सरकारने १९०४ पासून परदेशी तांत्रिक शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या देऊ केल्या, त्यांत खाणकामही होते. विद्यालय मात्र धनबादला निघाले ते ९ डिसेंबर १९२६ रोजी. इथेही आधी शिष्यवृत्ती आणि मग शाळा, फ्रायबर्गसारखीच.

आता विद्येबद्दल. खाणकाम म्हणजे खोदणे, असा बाहेरच्यांचा समज असतो. भूमिगत खाणीत पहिला प्रश्न खोदण्याचा नसतो, न पाडण्याचा असतो. बोर्ड अँड पिलर पद्धतीत कोळशाचेच खांब मागे ठेवून गॅलऱ्या काढतात. खांब किती जाड, गॅलरी किती रुंद, रूफ बोल्ट किती अंतरावर, यावर खडकांच्या यामिकीची जाडजूड पुस्तके आहेत. या पुस्तकातले चौथे आणि पाचवे प्रकरण त्यावरच आहे. पण मला छताचा पहिला धडा पुस्तकातून मिळाला नाही. विद्यार्थी म्हणून वर्धा खोऱ्यातल्या एका खाणीत उतरलो तेव्हा सोबतच्या माइनिंग सरदाराने हातातली काठी छतावर ठोकली. टण्ण. चार पावले पुढे जाऊन पुन्हा ठोकली. या वेळी आवाज भोपळ्यावर बोट वाजवल्यासारखा, पोकळ. ‘मागं व्हा साहेब, छत बोलून राह्यलं,’ एवढेच तो म्हणाला. थर सुटलेला असला की आवाज बदलतो, याचे गणित मी पुढे वर्षभराने शिकलो. सरदार सातवी शिकलेला होता, आणि साहेब म्हणवून घेणारा मी त्याच्या मागे उभा होतो.

हवेचे शास्त्रही तसेच. मिथेन हवेत साधारण पाच ते पंधरा टक्के असला की ठिणगीची वाट पाहत असतो. म्हणून वायुवीजन हा विषय कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. पाण्याचे तर काय सांगावे! १९७५ च्या डिसेंबरात चासनाला खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीतही पाणी शिरले. तेव्हा धनबादला शिकलेले अभियंते जसवंतसिंग गिल यांनी जमिनीतून नवे भोक पाडून त्यातून पोलादी कॅप्सूल खाली सोडली. तिच्यातून ते स्वतः खाली गेले आणि पासष्ट माणसे एकेक करून वर आली. वेधन, पोलादकाम, नकाशावर अडकलेल्यांची जागा ओळखणे: त्या एका रात्रीत तुमच्या अभ्यासक्रमातले निम्मे विषय आहेत.

मुलींना या वर्गात बघून अजूनही कोणी भुवई उंचावते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झरियाच्या खाणींत कोळसा वाहणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. पुढे कायद्याने त्यांना खालून हटवले, आणि १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने ती बंदी पक्की केली. संरक्षणाच्या नावाने आलेल्या बंदीने अभियंता होऊ पाहणाऱ्या मुलींचीही वाट अडवली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. २०१९ मध्ये तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी स्त्रियांना दिवसा भूमिगत जाण्याची मुभा मिळाली. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत एक तरुणी अभियंता म्हणून रुजूही झाली.

खाणीच्या वरच्या जगाबद्दल शेवटची तीन प्रकरणे आहेत. ती वगळून परीक्षा पास होता येईल, पण तसे करू नये. चंद्रपूर-वणी भागात ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे, डोंगर गावांच्या शिवेवर उभे आहेत. गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन थांबले तेव्हा ट्रकचे हप्ते भरणारी घरे आणि गाळ साचलेली शेते असलेली घरे, दोन्ही एकाच वाड्यावर होती. तुमच्यापैकी काहींची शेती खाणीतच गेली असेल. त्यांना या प्रकरणांत मी काय नवे सांगणार? उलट त्यांनीच समासात दुरुस्त्या कराव्यात आणि मला कळवाव्यात.

पहिले प्रकरण लॅम्प रूमपासून सुरू होते. शिफ्टला आलेला माणूस खिडकीत टोकन देतो आणि दिवा घेतो. वर आला की दिवा देतो आणि टोकन परत नेतो. शिफ्ट संपल्यावर फळ्यावर एखादे टोकन उरले, तर त्या नंबरचा माणूस अजून खाली आहे. तुमचे टोकन पहिल्या दिवशी मिळेल. त्याचा नंबर पाठ करून ठेवा.