नफा आणि भांडवल

'नफा' मूळचा अरबी 'नफ्अ', म्हणजे लाभ, उपयोग. फारसीमार्गे तो मराठीत रुळला. हिंदीतला 'मुनाफा' त्याच धातूचा. 'भांडवल' मात्र घरचं. संस्कृत 'भाण्ड' म्हणजे भांडं, तसाच व्यापाऱ्याचा माल आणि मूळधनही.

या दोघांचं गणित मांडू. समजा, वडापावच्या गाडीवर दिवसाचा गल्ला ४,००० रुपये. बटाटा, बेसन, तेल, पाव यांत २,४०० गेले, उरले १,६००. हा ढोबळ नफा, विक्रीच्या ४० टक्के. पोऱ्याचा पगार, गॅस, जागेचं भाडं मिळून १,२०० वजा केले की हाती ४००, म्हणजे निव्वळ नफा १० टक्के. तेल महागलं की दोन्ही आकडे घसरतात. भाडं वाढलं तर पहिला जागचा हलत नाही, दुसराच खाली येतो. दुखणं नेमकं कुठे आहे, ते असं सापडतं.

गाडीत ४ लाख गुंतवले आणि वर्षात ३०० दिवस धंदा झाला, तर नफा १,२०,०००. भांडवलावर ३० टक्के. आकडा देखणा आहे. पण मालकाने स्वतःची मजुरी खर्चात धरली का, हे मी आधी विचारेन. छोट्या धंद्यांत ती सहसा धरत नाहीत, आणि घरच्यांचे कष्ट नफ्याच्या खात्यात जमा होतात.