आवळण्याचा इतिहास

कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीच्या बाजूला ‘प्रीमियर’ हे नाव आज मैदानापुरते उरले आहे. निवडणूक आली की तिथे सभा होतात, एरवी त्या नावाचा अर्थ विचारणारे फारसे कोणी भेटत नाही. ज्या कंपनीचे ते नाव, तिच्या मोटारींवर मात्र मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. काळी-पिवळी टॅक्सी, हिंदी सिनेमातली पद्मिनी, वडिलांनी नंबर लावून घेतलेली पहिली गाडी, अशा आठवणींना तोटा नाही. मला कुतूहल आहे ते या गाडीच्या बॉनेटखालच्या मूठभर बोल्टांचे. इंजिनाचे हेड ब्लॉकवर घट्ट धरून ठेवणारे हे बोल्ट आपल्या भागात पन्नास-साठ वर्षांत कोणी, कशाने आणि कोणाच्या भरवशावर आवळले, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय छोटा आहे हे मान्य. पण कारागिराचा हात मोठा की पुस्तकातला आकडा, हा आपल्याकडचा जुना वाद तपासायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

आधी या बोल्टांवर येणारा भार पाहू. फियाट ११०० आणि पुढची पद्मिनी यांच्या इंजिनाचा सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचा, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. असे चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी होतात. ठिणगी पडून मिश्रण पेटले की सिलिंडरातला दाब काही क्षण चौरस सेंटिमीटरला ४० किलोच्या आसपास जातो असे धरले, तर ६८ मिलिमीटरच्या त्या वर्तुळावर साधारण १,४५० किलोचा धक्का बसतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा हेडला असा धक्का देतो. हेड उचलले जाऊ नये, मधल्या गॅस्केटमधून वायू निसटू नये, पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाऊ नये, हे सगळे त्या बोल्टांच्या ताणावर अवलंबून असते.

त्यात पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. हेडची लांबी ४५ सेंटिमीटर आणि तापमानातली वाढ ६५ अंश धरली, तर दोघांच्या वाढीत तिसरा हिस्सा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे गाडी रोज सकाळी तापताना आणि रात्री निवताना गॅस्केटच्या दोन्ही बाजू एकमेकींवर सरकतात. बोल्ट सैल असले तर गॅस्केट जळते. फार आवळले तर हेड वाकते, नाही तर ब्लॉकमधले आटे निघून येतात. मधली वाट अरुंद आहे.

वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जुळल्या, पन्नाशीत इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ११०० आली. सत्तरच्या दशकात तिचे नाव बदलून प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले, इंजिन मात्र मुळात तेच राहिले. तिकडे कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर निघत होती, तिचे हेड बिडाचे आणि घराणे इंग्रजी. गॅरेजच्या दृष्टीने हा फरक पान्यांचा होता. फियाटला मिलिमीटरचे पाने, अ‍ॅम्बेसेडरला इंचाचे. फियाटच्या पुस्तकात आवळण्याचा आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये, इंग्रजी पुस्तकात फूट-पौंडात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ७.२३ फूट-पौंड. पुढे न्यूटन-मीटर आले, ते ९.८१. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण भिंतीवरच्या फळीला इंची पाने त्यानंतर कित्येक वर्षे लटकत राहिले, कारण गाड्या कायद्यापेक्षा जास्त जगतात.

मुंबईत टॅक्सी वाढल्या तशी दुरुस्तीही वाढली आणि जागेच्या भावामुळे ती हळूहळू खाडीपलीकडे सरकत गेली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, त्याची सुरुवातच ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून. कारखान्यांच्या आसपास लेथवाले, बोअरिंगवाले, हेड घासून सपाट करून देणारे लहान गाळे येतातच. ठाणे, कल्याण, भिवंडीच्या गॅरेजांना हे गाळे म्हणजे मामाचे घर.

या गॅरेजांतली विद्या वयाने जाई. मुलगा चेला म्हणून लागे, आधी चहा आणि रॉकेलचा डबा त्याच्याकडे. काही वर्षांनी पाना हातात येई. हेड आवळणे हे मात्र उस्तादाचे काम, ते तो कोणाला देत नसे. क्रम ठरलेला होता: मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग आलटून पालटून दोन्ही कडांकडे. भाकरी थापताना जशी मधून कडेकडे जाते तसेच हे आहे. कडा आधी दाबल्या तर मधला फुगवटा तिथेच कोंडतो. एकदम आवळायचे नाही, तीन वळशांत आवळायचे. उतरवताना उलट, कडेकडून मध्याकडे. हे सगळे कारखान्याच्या पुस्तकात आकृतीसह छापलेले असते, पण पुस्तक गॅरेजात नसले तरी क्रम असे. शेवटचा पीळ किती, हे उस्ताद मनगटावरून आणि पान्याच्या दांड्याच्या लांबीवरून ठरवी. बोल्ट ‘बोलतो’ असे म्हणायची पद्धत होती.

या ‘बोलण्या’विषयी आपल्या स्मरणरंजनात फार गोड लिहिले जाते आणि तांत्रिक शिक्षणाच्या वर्गात तितकेच तुच्छतेने बोलले जाते. दोन्ही बाजूंना एका साध्या कोष्टकाने अडचणीत आणता येते. बोल्टांच्या अभियांत्रिकीत ते नेहमी दिले जाते: नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळले तर बोल्टांतल्या ताणात अधिक-उणे ३५ टक्के फरक पडतो, टॉर्क पान्याने आवळले तर २५ टक्के. म्हणजे हाताचा भरवसा कमीच, पण ज्या महागड्या पान्यापुढे त्याला हिणवले जाते तो फक्त दहा टक्क्यांनी पुढे आहे!

असे का, हे कळले की या इतिहासाकडे पाहण्याची नजरच बदलते. टॉर्क पाना आपल्याला बोल्टाचा ताण सांगत नाही, फिरवायला किती जोर लागला ते सांगतो. त्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, निम्मा बोल्टाच्या डोक्याखाली आणि बाकीचा आट्यांत. खरा ताण द्यायला उरतात ते दहा टक्के. उदाहरणादाखल दहा मिलिमीटरचा बोल्ट घेऊ आणि टॉर्क सहा किलोग्रॅम-मीटर. आटे कोरडे आणि स्वच्छ असतील तर त्यात सुमारे तीन टनांचा ताण येतो. तेल लावलेले असेल तर त्याच आकड्याला चार टन, आणि ८.८ प्रतीचा बोल्ट तेवढ्याने कायमचा लांबायला लागतो. आटे गंजलेले, जुन्या काजळीने भरलेले असतील तर जेमतेम दोन टन. पाना तिन्ही वेळा तेच सांगणार. शिवाय ब्लॉकमधल्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेले राहिले, तर बोल्ट खाली जाताना ते दाबले जाते, जायला जागा नसते आणि बीड तडकते.

तेव्हा हेड नीट बसणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरवत होता तो रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन कोपऱ्यात बसलेला चेला. आटे घासणे, भोकांतून पाणी चिंधीने टिपणे, प्रत्येक बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरतो का पाहणे, ही कामे गॅरेजातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाची होती. आपल्या आठवणींच्या लेखांत उस्तादाचे मनगट येते, हा ब्रश येत नाही. चांगले उस्ताद चेल्याने घासलेला प्रत्येक बोल्ट स्वतः बोटाने फिरवून पाहत आणि एक जरी अडला तर सगळे परत घासायला लावत. हाताच्या विद्येतला भक्कम भाग हाच, असे माझे मत आहे. मनगटाची कीर्ती त्याच्यावर उभी होती.

टॉर्क पान्याचा उगमही मोटारीतला नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बाहर याला १९१८ च्या सुमाराच्या या शोधाचे श्रेय दिले जाते. नळांच्या जोडावरचे बोल्ट मजूर जास्त आवळून तोडत, त्यावर हा उपाय होता. म्हणजे अनोळखी हातांवर लक्ष ठेवायला आलेले हे साधन. मोठ्या कारखान्यात ते शोभते, कारण तिथे बोल्ट नवे, आटे नवे, तेल ठरलेले, आणि घर्षण आदल्या दिवसासारखेच असते. गॅरेजात वीस वर्षांचा बोल्ट येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानंतर आयटीआयमधून शिकून आलेली मुले हा पाना ओळखत येऊ लागली. पण पाना घ्यायची ऐपत आणि दरवर्षी तो तपासून घ्यायची सवय, दोन्ही गोष्टी लहान गॅरेजात दुर्मीळच राहिल्या.

या सगळ्याची परीक्षा घेणारी एक जागा आपल्याच जिल्ह्यात आहे, कसारा घाट. मुंबई-आग्रा रस्त्याने शहापूर सोडले की चढ लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत जुन्या फियाट तिथे ओळीने बॉनेट उघडून उभ्या दिसत. पाणी उकळले की हेड वाकते. गरम इंजिनात थंड पाणी ओतण्याची घाई केली की आणखी वाकते. अशा गाडीचे गॅस्केट नुसते बदलून, बोल्ट पूर्वीपेक्षा जोरात आवळून चालवायचा मोह होतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी तिथेच परत येते. हेडवर सरळ पट्टी धरून खालून उजेड दिसतो का पाहणे, दिसला तर वागळे इस्टेटच्या गाळ्यात पाठवून घासून घेणे, याला एक दिवस जास्त लागतो. टॅक्सीवाल्याचा तो दिवस बुडतो. वर, त्या काळच्या गॅस्केटला काही शे किलोमीटर चालल्यावर बसकण येई, म्हणून गाडी परत आणून, अ‍ॅल्युमिनियमचे हेड पूर्ण गार असताना बोल्ट दुसऱ्यांदा आवळावे लागत. रोजच्या भाड्यावर गाडी चालवणारा माणूस त्यासाठी परत येईलच असे नसे. गॅस्केट उडण्याचा दोष गॅरेजाच्या हातावर टाकला जाई, पण त्यात बुडालेल्या अर्ध्या दिवसाच्या कमाईचा वाटा मोठा होता.

ती जुनी गॅस्केटे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसची, वर तांब्याचा किंवा पत्र्याचा थर. ब्लॉकवर चिकटलेले तुकडे पात्याने खरवडून काढायचे आणि फुंकर मारायची, हेही काम चेल्याचेच. त्या धुळीचे फुप्फुसांवर काय होते हे आज सर्वज्ञात आहे. गॅरेजात तिचा हिशेब कोणी ठेवला नाही.

प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली, तिचे ११७१ सीसीचे इंजिन निस्सानचे. आवळण्याच्या रीतीत तिने फार काही बदलले नाही. बदल घडला तो १९९४ मध्ये, कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ निघू लागली तेव्हा. १३६० सीसीचे पेट्रोल इंजिन आणि १५२७ सीसीचे डिझेल. या फ्रेंच इंजिनांच्या पुस्तकात शेवटचा आकडा जोराचा नव्हता, कोनाचा होता. आधी हलका टॉर्क देऊन बोल्ट टेकवायचा, आणि मग इतके अंश फिरवायचा. जुन्या उस्तादाला हे विचित्र वाटावे, पण त्यामागचा विचार सरळ आहे. दीड मिलिमीटर अंतराच्या आट्याचा बोल्ट पाव वळसा फिरवला की तो ०.३८ मिलिमीटर पुढे जाणारच, तेल असो वा गंज. घर्षण जोर बदलू शकते, आट्याची भूमिती बदलू शकत नाही. वरच्या कोष्टकात म्हणूनच कोनाच्या पद्धतीतला फरक १५ टक्क्यांवर येतो. पाना साधा चालतो, बोल्टाच्या डोक्यावर खडूची खूण केली की काम भागते. मनगट आणि आकडा या दोघांनाही बाजूला सारणारी ही रीत गरीब गॅरेजाला खरे तर सोयीची होती.

अडचण दुसरीकडे होती. हे बोल्ट मुद्दामच कायमचे लांबतील इतके ताणले जातात, म्हणून हेड उतरवले की मापाने जास्त लांब झालेले, आणि शंका असेल तर सगळेच, बोल्ट नवे घालायचे. पण ३०९ चे उत्पादन दशक संपायच्या आत थांबले, प्यूजो निघून गेली, कामगार घरी बसले. कंपनीच नाही तर नवे बोल्ट कुठून? याच घराण्याचे १५२७ सीसीचे डिझेल मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये घातल्यामुळे डिझेलवाल्यांची काही वर्षे सोय झाली. पेट्रोलवाल्यांना जुनेच बोल्ट पुन्हा घालावे लागले, किंवा गाडी भंगारात द्यावी लागली. डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारात टायर बसलेल्या ३०९ कित्येक वर्षे उभ्या असत, त्या चोर रस्त्यापासून काही किलोमीटरवर, जिथे त्या जन्मल्या होत्या.

नव्या गाड्यांचे गॅस्केट पोलादी पत्र्यांच्या थरांचे असते, त्याला दुसऱ्यांदा आवळावे लागत नाही, आणि बहुतेक ठिकाणी कोनाचीच रीत आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. ठाण्यात हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी अजून आहेत. त्यांच्या मालकांना मी जुने पुस्तक उघडून दाखवतो तेव्हा ते आकड्याचे पान मागतात. मी आधी आटे साफ करण्याचे पान काढून देतो.